नोंदवहीतली खापरपणजी

आमच्या धंद्यात नवीन आलेल्या पोराला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट घोटून शिकवतात: बॅकअप मूळ डेटाच्या शेजारी ठेवायचा नाही. आयर्लंडला हा धडा ३० जून १९२२ या दिवशी मिळाला आणि शंभर वर्षं उलटून गेली तरी लोक अजून त्याची किंमत मोजतायत.

झालं होतं असं. डब्लिनमध्ये फोर कोर्ट्स नावाची न्यायालयांची भली मोठी इमारत आहे. तिच्याच आवारात सरकारी दफ्तरखाना होता. १९२२ च्या यादवी युद्धात बंडखोरांनी ती जागा ताब्यात घेतली, सरकारी फौजेने तोफा लावल्या आणि शेवटी झालेल्या स्फोटात न् आगीत दफ्तरखाना खलास. १८२१ ते १८५१ च्या चार जनगणनांचे जवळजवळ सगळे कागद गेले. १८६१ आणि १८७१ चे कागद सरकारने त्याआधीच स्वतःच्या हाताने नष्ट केले होते आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदाच्या लगद्यात गेले. म्हणजे संपूर्ण शाबूत अशी सगळ्यात जुनी जनगणना १९०१ ची. त्याच्या मागे अंधार.

त्याच दफ्तरखान्यात चर्चच्या नोंदवह्याही होत्या. चर्च ऑफ आयर्लंड हे राजमान्य चर्च. १८७१ मध्ये त्याचा तो दर्जा गेला, त्याच्या जुन्या नोंदवह्या सरकारी दस्तऐवज ठरल्या आणि नीट जपाव्यात म्हणून सुमारे एक हजार पॅरिशच्या वह्या डब्लिनला आणून ठेवल्या. जपायला म्हणून आणल्या आणि एका दुपारी जळाल्या! प्रेस्बिटेरियन लोकांच्या वह्यांना मात्र कोणी विचारलंच नव्हतं. त्यांचं चर्च राजमान्य नव्हतं, त्यामुळे सरकारला त्यांच्या वह्यांशी देणंघेणं नव्हतं. त्या राहिल्या आपापल्या गावात, चर्चच्या कपाटात, नाहीतर पाळकाच्या घरी. म्हणूनच बऱ्याचशा वाचल्या. आपण ज्याला डिस्ट्रिब्युटेड स्टोरेज म्हणून मिरवतो, ते इथे निव्वळ दुर्लक्षामुळे झालं.

आता हे सगळं मला कुठून कळलं? तर मी सध्या बेलफास्टला आहे, ऑनसाईट. माझ्या टीममध्ये टेस्टिंगच्या एक लीड आहेत, पन्नाशीच्या पुढच्या. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, तोंडाने मीही मारतो, पण मनातल्या मनात त्या मावशीच. तेव्हा इथेही मावशी म्हणतो. मावशींचे वडील ८४ वर्षांचे. डोकं तल्लख, पाय थकलेले. त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: आपल्या पणजोबांचे आईवडील कोण? घरच्या जुन्या बायबलमध्ये पहिल्या पानावर कुटुंबाच्या नोंदी आहेत, पण त्या सुरू होतात पणजोबांच्या १८७९ च्या लग्नापासून. त्याच्यावर पान कोरं. मावशी म्हणाल्या, तुला डेटाबेस कळतात, शनिवारी चल माझ्याबरोबर. शनिवार तसाही कपडे धुण्यातच जायचा. म्हटलं चला. (शनिवारी सरकारी अभिलेखागार बंद निघालं, मग दोघांनी सुट्टीचे दिवस जुळवले, ते वेगळं.)

प्रेस्बिटेरियन म्हणजे मुख्यतः सतराव्या शतकात स्कॉटलंडहून आयर्लंडच्या उत्तरेला, अल्स्टरमध्ये येऊन वसलेल्या लोकांचा पंथ. यांच्यात बिशप नसतो. गावची मंडळी आपले एल्डर निवडते आणि पाळक व एल्डर मिळून जी पंचायत बसते तिला सेशन म्हणतात. माणसं तत्त्वाला चिकट. आपल्याकडे गणेश मंडळं फुटतात तशा यांच्या मंडळ्या फुटायच्या. म्हणून एकाच गावात फर्स्ट, सेकंड, क्वचित थर्ड अशी प्रेस्बिटेरियन चर्चं दिसतात. भांडण झालं की नवी ब्रँच! पुढे १८४० मध्ये दोन मोठे गट एकत्र येऊन जनरल असेंब्ली झाली, हा त्यांचा सगळ्यात मोठा मर्ज. गंमत म्हणजे त्या पहिल्याच असेंब्लीने दोन मिशनरी नेमले आणि पाठवले कुठे, तर काठियावाडात. म्हणजे आपल्या जुन्या मुंबई इलाख्याच्या हद्दीत!

या फाटाफुटीमुळे पूर्वज शोधणाऱ्याचा जीव जातो, कारण माणूस घराजवळच्याच चर्चमध्ये जात असेल याची खात्री नाही. त्यात १८१९ मध्ये सिनॉड ऑफ अल्स्टरने पाळकांना बाप्तिस्मा आणि लग्नांची नोंद ठेवायला सांगितलं, त्यामुळे पुष्कळ वह्या त्या सुमारास सुरू होतात. काही ठिकाणी मात्र फार जुनं सापडतं. टेंपलपॅट्रिक या गावच्या सेशनचं इतिवृत्त १६४६ पासूनचं आहे, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराज सोळा वर्षांचे होते तेव्हापासूनचं. मृत्यूच्या नोंदी मात्र फारशा मिळत नाहीत. बऱ्याच प्रेस्बिटेरियन लोकांना राजमान्य चर्चच्या दफनभूमीतच पुरत, त्याची नोंद त्या चर्चच्या वहीत, आणि ती वही बहुधा डब्लिनला जळालेली.

लग्नाची नोंद ही तर त्यांच्या दृष्टीने इज्जतीची गोष्ट होती. प्रेस्बिटेरियन पाळकाने लावलेलं दोन प्रेस्बिटेरियन माणसांचं लग्न कायद्याने स्पष्टपणे मान्य झालं १७८२ मध्ये. पण दोघांपैकी एक चर्च ऑफ आयर्लंडचा असेल तर? मिलिस नावाच्या एकाने १८२९ मध्ये प्रेस्बिटेरियन पाळकाकडून लग्न लावून घेतलं आणि १८३६ मध्ये इंग्लंडात दुसरं लग्न केलं. खटला झाला. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं, तिथे १८४४ मध्ये मतं समसमान पडली आणि त्यामुळे हा बाबा सुटला, कारण पहिलं लग्न लग्नच नव्हतं म्हणे! अल्स्टरमधल्या किती घरांमध्ये त्या बातमीने झोप उडाली असेल विचार करा. काल रात्री बायको, आज सकाळी कायद्याच्या लेखी कोणी नाही. त्याच वर्षी नवा कायदा झाला आणि १ एप्रिल १८४५ पासून कॅथलिक सोडून इतरांच्या लग्नांची सरकारी नोंद सुरू झाली. जन्म, मृत्यू आणि सगळ्यांचीच लग्नं सरकारदरबारी यायला १८६४ साल उजाडलं.

आमच्या पणजोबांचा (म्हणजे मावशींच्या वडिलांच्या पणजोबांचा, पण आता ते आमचेच झालेत) जन्म १८४६ च्या आसपासचा. १९११ च्या जनगणनेत वय ६५, धर्म प्रेस्बिटेरियन, जन्म अँट्रिम परगणा. म्हणजे सरकारी जन्मदाखला नाही आणि १८५१ ची जनगणना जळालेली. डेड एंड.

इथे मदतीला धावून आलं पेन्शन! १९०८ च्या कायद्याने सत्तरी गाठलेल्या गरीब म्हाताऱ्यांना आठवड्याला ५ शिलिंग मिळायला लागले. पण सत्तरी सिद्ध करायची कशी? जन्मदाखले तर १८६४ पासूनचे. मग अर्जदार आपल्या आईबापांची नावं आणि गाव लिहून द्यायचा आणि कारकून १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत ते घर शोधून शेरा मारायचा. जनगणना जळाली, पण या शोधाचे फॉर्म वाचले. मूळ टेबल ड्रॉप झालं, पण कोणीतरी मारलेल्या क्वेरीचा निकाल शिल्लक राहिला. पणजोबांचा फॉर्म सापडला, १९१६ चा. त्यांनी आईबापांची नावं लिहिली होती. खाली कारकुनाचा शेरा: घर सापडले, मुलगा वय ५, कुटुंबप्रमुखाशी नाते, नातू.

मावशींनी दोनदा वाचलं. मुलगा नाही, नातू. पणजोबांनी आईबाप म्हणून ज्यांची नावं दिली होती ते त्यांचे आजीआजोबा होते.

फॉर्मवर टाउनलँडचं नाव होतं. टाउनलँड म्हणजे इथली सगळ्यात छोटी वस्ती, आपल्या वाडीसारखी. अख्ख्या आयर्लंडात साठ हजारांहून जास्त आहेत. वाडी कळल्यावर आसपासची दोन चर्चं काढली आणि अभिलेखागारात त्यांच्या वह्यांची मायक्रोफिल्म लावून बसलो. पहिल्या चर्चमध्ये काही नाही. दुसऱ्यात ऑक्टोबर १८४६ चा बाप्तिस्मा सापडला. मुलाचं नाव, वाडी, आईचं नाव. बापाच्या जागी नुसती रेघ.

मग सेशनचं इतिवृत्त उघडलं. बाप्तिस्म्याच्या काही आठवडे आधीच्या बैठकीत चार ओळी होत्या. मुलगी सेशनपुढे हजर झाली. कबुली दिली. एकाचं नाव घेतलं. पुढच्या बैठकीत त्याने इन्कार केला. त्यानंतर त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. तिला मात्र समज देऊन पुन्हा मंडळीत घेतलं आणि बाळाच्या बाप्तिस्म्याला परवानगी दिली. (जुन्या काळी तर अशा मुलींना रविवारी सगळ्यांसमोर उभं करायचे.) ते साल १८४६, बटाट्याचं पीक सलग दुसऱ्या वर्षी गेलेलं. शेवटचा धागा मंडळीच्या सभासदांच्या यादीत सापडला. तिच्या नावापुढे १८४९ आणि एकच शब्द: अमेरिका. मूल आजीआजोबांकडे ठेवून ती गेली होती.

माझ्या दृष्टीने हा बग सुटला होता. तिकीट क्लोज. मावशी मात्र गप्प. त्यांचे वडील स्वतः तीस वर्षं आपल्या चर्चमध्ये एल्डर होते. खानदान कसं सरळ आणि चोख, हे सांगण्यात त्यांचा जन्म गेलेला. मी म्हटलं, जे आहे ते सांगून टाका, त्यांनीच तर विचारलंय. मावशी म्हणाल्या, "तुझ्यासाठी तो रेकॉर्ड आहे रे. माझे बाबा आहेत ते." यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

दोन आठवड्यांनी त्यांनी सांगितलं. मला मुद्दाम बोलावलं होतं, बहुधा परक्या माणसासमोर आजोबा चिडणार नाहीत म्हणून. आजोबांनी प्रिंटआउट घेतला, भिंग लावलं आणि त्या चार ओळी इतका वेळ वाचल्या की चहा गार झाला. मग विचारलं, किती वर्षांची होती? तिचाही बाप्तिस्मा त्याच वहीत होता, १८२७ चा. एकोणीस, मावशी म्हणाल्या.

"आणि त्या दिवशी सेशनला किती एल्डर हजर होते?"

इतिवृत्ताच्या सुरुवातीला हजर असणाऱ्यांची नावं असतात. मी मोजली. सहा, शिवाय पाळक.

"सात पुरुष," आजोबा म्हणाले, "आणि ती एकटी." बराच वेळ गेला. मग म्हणाले, मीही बसलोय त्या खुर्चीवर. बायबल आणायला सांगितलं आणि १८७९ च्या वरच्या कोऱ्या जागेत मावशींकडून तिचं नाव लिहून घेतलं. बापाच्या जागी काय लिहू, असं मावशींनी विचारलं, तर म्हणाले, काही नको.

मला तेव्हापासून एक गोष्ट राहून राहून डोक्यात येते. ज्या कारकुनाने त्या चार ओळी लिहिल्या, त्याला तिचं नाव जपायचं नव्हतं, तिची चूक नोंदवायची होती. पण आज ती जी काही आहे ती त्या वहीमुळे. टेबलात कोणता कॉलम ठेवायचा हे त्या काळी ज्याला ज्याची गरज वाटली त्याने ठरवलं. सेशनला शिस्त लावायची होती म्हणून ती सापडली. त्या माणसाला इन्कार करता आला म्हणून तो वहीतून सहीसलामत निसटला.

आमच्या घरी कोकणात एक वंशावळ फ्रेम करून लावलीय. अकरा पिढ्या. मोठं झाड, पानापानावर नाव आणि सगळे पुरुष. परवा रविवारी आईला फोन करून विचारलं, तुझ्या आजीचं माहेरचं नाव काय होतं गं? आई जरा थांबली आणि म्हणाली, अरे, आम्ही तिला नुसतं माई म्हणायचो. थांब, दादामामाला विचारून सांगते.

दादामामा ७९ चा आहे. तुम्हीही विचारून ठेवा कुणाला तरी, या वीकांतालाच.