नुसतं नाव मोठं?

सप्टेंबर २०२५. ऑस्टिनला एमएस करणारा दादा फोनवर वैतागला होता. टेक्सास विद्यापीठाच्या फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग. आजोबा आर्ची, काका पेटन आणि ईलाय, सगळे दिग्गज क्वार्टरबॅक! पण हंगामाचा पहिलाच सामना ओहायो स्टेटकडून १४-७ हरले. पुढे युटेपविरुद्ध जिंकले, तरी याचे २५ पैकी ११च पास पोचले. घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. दादा म्हणाला, "नुसतं नाव मोठं!" रूममेट मागून ओरडला, "अरे, थांब जरा!"

मी गप्प. बाबा याच कॉलेजचे, दादा टॉपर. आणि मला एम-थ्रीत केटी. घरी पत्ता नव्हता.

नोव्हेंबरात टेक्सासनं तोवर अपराजित ए अँड एमला २७-१७ हरवलं. दादाचा फोन : "आर्चबद्दल चुकलोच रे!"

म्हटलं, "दादा, माझंही एक सांगायचंय."