पाण्याचा कूलर

आमच्या नागपुरात 'कूलर' या शब्दाला एकच अर्थ. खिडकीला अडकवलेला पत्र्याचा डबा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, पोटात पाण्याचा पंप आणि समोर बसणाऱ्याला अधूनमधून मिळणारा शिंतोड्यांचा प्रसाद. त्यामुळे चिरंजीव जेव्हा म्हणाले, "बाबा, कूलर बदलायचाय. पाण्याचा घ्यायचाय," तेव्हा आमच्या मातोश्री दिवाणावरून उद्गारल्या, "अरे बाप्पा! आहे तो काय रॉकेलवर चालतो?"

खुलासा झाला तो असा. कूलर हवा होता कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला. हा प्रोसेसर म्हणजे २०२० सालचा रायझन ५ ५६००एक्स. त्याच्या डब्यातच एक चिमुकला पंखा मिळाला होता. मे महिन्यात तो घाट चढणाऱ्या एस.टी.सारखा ओरडे आणि पडद्यावर आकडा दिसे ८८ अंश. ९५ ही त्याची लक्ष्मणरेषा. तिच्यापाशी पोहोचला की प्रोसेसर आपणहून कामाचा वेग कमी करतो. (आमच्या बँकेत हे धोरण तापमानाची वाट न पाहता बाराही महिने पाळलं जातं.)

बर्डीवरच्या दुकानातला पोरगा मोठा उत्साही. "काका, दोनशे चाळीसचा घ्या, नाहीतर सरळ तीनशे साठचा." मला वाटलं, रुपये. ते निघाले रेडिएटरचे मिलिमीटर. रुपये साडेआठ हजारांपासून पुढे होते.

"तुमच्या चिपचा टीडीपी किती?" त्याने विचारलं.

मी पडलो बी.कॉम. मला टीडीएस ठाऊक. टीडीपी म्हणजे, चिपमधून किती वॅट उष्णता बाहेर काढावी लागेल, याचा तिच्या कंपनीने दिलेला अंदाज. आमच्या चिपचा ६५ वॅट. म्हणजे पूर्वी न्हाणीघरात लोंबणाऱ्या साठच्या बल्बचा थोरला भाऊ! इंटेलच्या आय-९ १३९००के सारखा २५३ वॅटपर्यंत जाणारा प्राणी दारी बांधला असेल, तर त्याला पाण्यात उभा करणं मी समजू शकतो. आमच्याकडे होती शेळी आणि हा गृहस्थ हत्तीचा हौद दाखवत होता.

"पण बाबा, त्यात रंगीत दिवे असतात ना," चिरंजीव म्हणाले.

"गणपतीची माळ माळ्यावर आहे," आमच्या सौ.नी परस्पर निकाल दिला.

तरी रात्री मी कागद पुढे ओढला. मुलाचं मागणं हिशेब न करता फेटाळणं माझ्या पेशाला शोभलं नसतं. पाणी वजनाला वजन हवेच्या चौपट उष्णता धरतं, हे खरं. पण धरतं, गिळत नाही! पंप ते पाणी चिपच्या डोक्यावरून रेडिएटरपर्यंत नेतो आणि रेडिएटरचे पंखे ती उष्णता खोलीत फेकतात. आमच्या भाषेत ही निव्वळ ट्रान्सफर एंट्री. देणाऱ्या प्रोसेसरचं खातं क्रेडिट, घेणाऱ्या खोलीचं खातं डेबिट. राइट-ऑफची सोय नाही.

आता खोलीचं खातं म्हणजे कोणाचं? कॉम्प्युटरपासून चार फुटांवर आईचा दिवाण. गेल्या नवतप्यात ती मानेवर ओला पंचा घेऊन रात्र रात्र बसून राहायची. नातवाचं काम चाललंय म्हणून चकार शब्द बोलायची नाही. म्हणजे साडेआठ हजार मोजून आम्ही काय करणार, तर प्रोसेसरच्या डोक्यावरचा ताप उचलून पंचाहत्तरीच्या बाईच्या उशाशी अधिक शिस्तीने नेऊन ठेवणार!

आणि इथेच मला खिडकीतल्या पत्र्याच्या डब्याची थोरवी कळली. कॉम्प्युटरमधलं पाणी बंद नळीत फिरतं. ते काही केल्या खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. वाळ्याच्या ताटीवरचं पाणी मात्र वाफ होऊन उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात खोली त्याने दहा अंश सहज उतरते. आणि महागाई भत्ता जसा मूळ पगारावर चढून बसतो, तसा प्रोसेसरचा ताप खोलीच्या तापमानावर बसलेला असतो. खोली दहाने उतरली, की तोही साधारण दहाने उतरणारच. एका खर्चात दोन लाभार्थी!

ठराव पास झाला. खिडकीतल्या कूलरला नव्या ताट्या, नवा पंप, मोटरला वायंडिंग. ओलसर हवा बाहेर जावी म्हणून समोरची खिडकी उघडी. कॉम्प्युटरची धूळ झाडली, चिपवर नवी थर्मल पेस्ट लावली आणि १२० मिलिमीटर पंख्याचा एक साधा हवेचा कूलर बसवला. कॅबिनेट शिंतोड्यांपासून दूर सरकवलं. सगळं मिळून पाच हजारांच्या आत.

आता पडद्यावरचा आकडा सत्तरच्या आसपास असतो. प्रोसेसरच्या पंख्याचा आवाज अजिबात ऐकू येत नाही. खिडकीतल्या कूलरपुढे तो ऐकू येणं शक्यही नाही. आई भर नवतप्यात हनुवटीपर्यंत गोधडी ओढून घोरते.

चिरंजीव मात्र लिक्विड कूलिंगला मुकले, असं कोणी म्हणू नये. रोज संध्याकाळी चार बादल्या लिक्विड ते स्वहस्ते खिडकीत ओततात.