बुजणे आणि कचरणे

फाल्गुन वद्य षष्ठीला पैठण येथे गोदावरीच्या काठी मोठी यात्रा भरते. संत एकनाथांनी याच तिथीला देह ठेवला. म्हणून तिला नाथषष्ठी म्हणतात. पूर्वी या यात्रेला खेड्यापाड्यांतून बैलगाड्या येत. रानातील शांततेची सवय असलेला एखादा बैल टाळमृदंगांचा गजर कानी पडताच थबके, कान टवकारी आणि अंग चोरून बाजूला सरे. गाडीवान म्हणे, “बैल बुजला!”

अनोळखी वस्तू पाहून किंवा अनोळखी आवाज ऐकून भयाने मागे सरणे, म्हणजे बुजणे. दचकणे क्षणभराचे असते. भेदरलेल्याचे भान हरपते. बुजणारा मात्र सावधपणे दूर राहतो. शेतातील बुजगावण्याचे नाव याच शब्दाशी जोडलेले आहे. पाखरे त्याला प्रथम बुजतात. पण ते हलत नाही असे दिसले, की कावळा खुशाल त्याच्या डोक्यावर येऊन बसतो! नव्या शाळेत आलेले बुजरे मूलही असेच. त्याला कोणी भित्रे म्हणू नये. चार दिवसांत ओळख झाली, की तेच मूल खेळात सर्वांच्या पुढे धावते.

याच शब्दाचा दुसरा अर्थ अगदी निराळा आहे. खड्डा बुजतो, पडीक विहीर बुजते. म्हणजे ती भरून नाहीशी होते. मनातील परकेपणाचा खड्डाही ओळखीने असाच बुजतो.

कचरणे मात्र वेगळे. संकट कोणते, हे ठाऊक असते. काय करणे योग्य, हेही कळते. तरी पाऊल मागे येते, ते कचरणे.

एकनाथांची एक कथा सांगतात. भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात एक लहान मूल रडत होते. ते त्या काळी अस्पृश्य मानलेल्या घरातील होते. त्याला स्पर्श केला, तर गावाचा रोष ओढवेल, हे नाथांना पुरते ठाऊक होते. पण मुलाचे पाय पोळत होते. नाथांनी त्याला चटकन कडेवर घेतले आणि त्याच्या घरी नेऊन पोहोचविले.

बुजणे ओळखीने ओसरते. कचरणाऱ्या मनाला मात्र दुसऱ्याचे दुःख दिसावे लागते. ते ज्याला दिसले, त्याचे पाऊल मागे येत नाही.