सार्कोमाचे सोंग

स्नायूंवरील पातळ आवरणातून किंवा त्वचेखालच्या चरबीतून उद्भवणारी नोड्यूलर फॅसायटिस ही गाठ निरुपद्रवी असूनही अवघ्या काही आठवड्यांत डोळ्यांदेखत वाढते, आणि ती गरोदर स्त्रीच्या हातावर किंवा छातीवर उठली (तसे क्वचितच घडते), तर घरच्यांइतकीच डॉक्टरांनाही पहिली शंका कर्करोगाची येते. सोनोग्राफी निर्धोक असते, पण एमआरआयसाठी शिरेतून द्यायचे गॅडोलिनियम गरोदरपणात शक्यतो टाळले जात असल्याने, निर्णयाचा भार जागा बधिर करून जाड सुईने काढलेल्या तुकड्यावर, पर्यायाने पॅथॉलॉजिस्टवर येऊन पडतो.

तो तुकडा बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यातून कापलेली आणि हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने जांभळी-गुलाबी रंगवलेली ती चकती सूक्ष्मदर्शकाखाली धडकीच भरवते: लांबट, निमुळत्या पेशी सैल, बुळबुळीत पार्श्वभूमीवर अस्ताव्यस्त पसरलेल्या, मधूनच वाहिन्यांबाहेर सांडलेल्या तांबड्या पेशी, आणि जागोजागी चाललेले पेशीविभाजन. सार्कोमा, म्हणजे संयोजी ऊतींचा कर्करोग, याहून वेगळा तो काय दिसणार, असे नवख्याला वाटावे. मुरलेली नजर मात्र विभाजनांच्या संख्येवर न थांबता त्यांचे रूप पाहते. रंगसूत्रांची वाटणी दोन्हीकडे सारखी होत असेल आणि केंद्रके एकमेकांसारखीच असतील, तर त्या पेशी घाईत असतात, बिघडलेल्या नसतात. कॉन्वेलर, किझबी आणि कॅप्लन यांनी 1955 मध्ये या गाठीचे वर्णन करताना तिला ‘आभासी सार्कोमा’सारखेच नाव दिले होते.

स्लाइडइतकाच बोलका असतो तो सोबतचा फॉर्म, ज्यावर ‘गाठ किती दिवसांपासून’ आणि ‘गरोदरपणाचा कितवा महिना’ हे रकाने भरण्याचा कंटाळा करणे ही मोठीच हेळसांड म्हटली पाहिजे, कारण तीन आठवड्यांचा इतिहास आणि लहानसा आकार हे निदानाचे अर्धे काम करतात. या गाठीत एमवायएच-9 आणि यूएसपी-6 ही जनुके एकमेकांना जोडली गेलेली असतात हे 2011 मध्ये दिसून आले, आणि तुकडा अपुरा असेल तेव्हा त्याच मेणाच्या ठोकळ्यावर ही जोड शोधता येते.

निदान पक्के असेल, तर गाठ बहुधा आपोआप विरत असल्याने अहवालात मोठ्या शस्त्रक्रियेची घाई नको असे स्पष्ट लिहून सोनोग्राफीने तिचे माप पुन्हा घेण्याचे सुचवावे; ती तशीच वाढत राहिली, तर मात्र आधी निदानच पुन्हा तपासावे.