गंभीर म्हणजे किती?

लेकीला सारकॉइडोसिस असल्याचे निदान झाले, तेव्हा ती 11 वर्षांची होती. त्याआधी पाच महिने क्षयाची औषधे चालली होती. आपल्याकडे हे नवल नव्हे. दोन्ही आजारांत शरीरात सूक्ष्म गाठी होतात आणि क्षय तर घरोघरी ऐकलेला.

निदानानंतर माझा एकच प्रश्न होता : आजार किती गंभीर आहे? उत्तर आकड्यातच मिळावे, असा हट्टही होता. छातीच्या एक्स-रेवरून 0 ते 4 अशा अवस्था ठरवतात आणि हिची पहिलीच आहे, हे ऐकून मी सुस्कारा सोडला. डॉक्टर म्हणाल्या, “ताई, ही छातीच्या चित्राची वर्गवारी आहे, आजाराच्या तीव्रतेची नव्हे.” पुढे रक्तातील एसीईचे प्रमाण वाढलेले दिसले आणि मी रात्रभर जागले, तर मुलांमध्ये ते मोठ्यांपेक्षा मुळातच अधिक असते, असे कळले. दिलासा आणि भीती, दोन्ही मी उगाच पदरात घेतली होती.

खरे उत्तर नेत्रतज्ज्ञांकडे मिळाले. तिचे डोळे लाल नव्हते, दुखत नव्हते. फळ्यावरचे अक्षर स्वच्छ दिसत होते. तरीही स्लिट लॅम्पखाली दोन्ही डोळ्यांत आतून दाह आढळला. तो असाच मुकाट वाढला असता, तर मोतीबिंदू, काचबिंदू, प्रसंगी कायमचे अंधत्वही आले असते. तक्रार नाही म्हणून मी डोळ्यांची तपासणी पुढे ढकलणार होते, हे आठवले की अजून हात थरथरतात.

मग एकेका अवयवाची विचारपूस झाली : श्वासाची चाचणी, हृदयाचा आलेख, यकृत, रक्तातील व लघवीतील कॅल्शियम, उंची आणि वजनही. स्टेरॉइड किती आणि किती काळ द्यायचे, हे यावरच ठरणार होते. कमी पडले तर डोळे धोक्यात, अधिक झाले तर वाढ खुंटण्याची भीती.

शेवटी डॉक्टरांनी तिलाच विचारले, “शाळेचा जिना चढताना थांबतेस का गं?”

“नाही. मी हळू चढते. मैत्रिणी वर थांबतात.”

श्वासाच्या चाचणीत दोष नव्हता. थकवा मात्र खरा होता, आणि तो मला ठाऊक नव्हता. डॉक्टरांनी तो कागदावर लिहून घेतला.

डोळ्यांची पुढची तपासणी शनिवारी आहे. तिची कसलीही तक्रार नाही. आम्ही जाणार आहोत.