न घेतलेली गोळी

चिठ्ठीवर लिहिलेले औषध रोग्याच्या पोटात गेलेच असणार असे गृहीत धरून, रक्तदाब उतरत नाही म्हणून मात्रा वाढवीत जाणे, हा आम्हां फॅमिली डॉक्टरांच्या हातून सहज घडणारा प्रमाद आहे; आणि तो घातक अशासाठी की, घाबरलेल्या रोग्याने ती वाढीव मात्रा एखाद्या दिवसापासून खरोखरच नियमाने घ्यायला आरंभ केला, तर तो भोवळ येऊन पडतो.

चरकाने रोग्याचे जे चार गुण सांगितले, म्हणजे स्मृती, वैद्याज्ञेचे पालन, निर्भयता आणि आपली अवस्था यथार्थ निवेदन करण्याची शक्ती, त्यांपैकी दुसऱ्याच्या अभावाबद्दलच आमची तक्रार असते. मला चौथा अधिक मोलाचा वाटतो, आणि तो बव्हंशी वैद्याच्या प्रश्नावर अवलंबून असतो. 'गोळ्या वेळेवर घेता ना?' याला 'हो डॉक्टर' याखेरीज कोण काय म्हणणार? 'गेल्या आठवड्यात किती चुकल्या?' असे विचारले की जबानी मोकळी होते.

1956 साली मद्रासला सुरू झालेल्या क्षयरोगाच्या अभ्यासात, घरी उपचार घेणारे दरिद्री रोगीही आरोग्यधामातल्यांच्या तोडीने बरे होतात असे दिसून आले. पण तेथेही रोग्याच्या शब्दावर न विसंबता अवचित घरी जाऊन गोळ्या मोजीत, लघवी तपाशीत. क्षयात ही देखरेख न्याय्यच आहे, कारण खोकला थांबून वजन चढले की 'आता बरं वाटतंय' म्हणून औषध अर्ध्यावर सुटते, आणि त्याला न जुमानणारे जंतू मागे उरून घरातल्या लेकराबाळांना लागतात. हृदयविकाराच्या रोग्यावर असा पहारा कोण ठेवणार?

भाजी विकणाऱ्या एका बाईंना हृदय दुर्बल झाल्यामुळे लघवी वाढवणारी गोळी सकाळी घ्यायला सांगितली होती, तरी नडगीवर अंगठा दाबला की खळगा तसाच राही. खोदून विचारल्यावर, नजर खाली ठेवून त्या म्हणाल्या, "बाजाराच्या दिवशी नाही घेत. आठवड्यातनं चार बाजार. यष्टीत दीड तास, मग दिवसभर पाटीपाशी; बाईमाणसानं जायाचं कुठं?" याला हयगय म्हणणे मला अन्यायाचे वाटते. बाजारपेठेत स्त्रियांसाठी मुतारी नसणे, हे त्या सुजेचे एक कारण होते. गोळी तीच आणि मात्राही तीच ठेवून, बाजाराच्या दिवशी ती घरी परतल्यावर घ्यावी एवढे चिठ्ठीवर लिहिले, आणि सूज उतरली. आता ही गोळी कोणालाही देण्यापूर्वी त्याचा दिवस कसा जातो, प्रवास किती आणि जवळ संडास आहे की नाही, हे मी आधी विचारून घेतो.