खर्जाचे बिऱ्हाड

नांदेड, वैशाख.

लातूरहून एस.टी.च्या मागल्या बाकावर आडवी घालून आणलेली ही अल्पमोली बेस गिटार, जिच्या चार तारा आणि ३४ इंची मोजमाप १९५१ साली लिओ फेंडरने प्रचारात आणलेल्या नमुन्याबरहुकूम आहेत, मराठवाड्याच्या उन्हाळ्याची कोणतीही तजवीज न करता घडविलेली असावी. कारण कोरड्या हवेत पट्टीचे लाकूड आकसले की पडद्यांची धातूची टोके कडेने बाहेर डोकावतात आणि मानेवरून सरकणाऱ्या तळहाताला बोचतात. बारीक कानस फिरविली, की तेवढ्यापुरता बंदोबस्त होतो.

गुंजारवाची तक्रार याहून गहन, आणि खरे सांगायचे तर अधिक मनोरंजक. घराचे अर्थिंग यथातथाच असल्यामुळे विजेचा ५० हर्ट्‌झचा घुमारा अखंड चालू राहतो, तारेला बोट टेकताच बराचसा मावळतो. परंतु सर्वांत जाड तारेवरील तिसऱ्या पडद्याचा स्वर नेमका ४९ हर्ट्‌झचा असल्याने, तो छेडला असता उरलासुरला घुमारा त्याच्याशी झगडतो आणि सेकंदागणिक एक संथ हेलकावा उमटतो.

शेजारच्या भजनी मंडळातील पखवाजवाले काका तो ऐकून म्हणाले, "डाव्या पुडीला कणीक जास्त लागली काय, बाळा?" तार किंचित उतरवून पाहा, असेही त्यांनी सुचविले. उतरविली, तर ती पडद्यांवर खडखडू लागली.